पायाखालची ओळ

करंगळी संगणकाच्या पुन्हा भलत्याच कळेवर पडली आणि नुकताच लिहिलेला शब्द पुसला गेला. म्हाताऱ्या शिंप्याने कपाळावर हात मारला. जन्मभर कात्री धरून आखडलेली ती करंगळी. नव्या ओळीच्या कळेपर्यंत पोचायचं म्हटलं की तिच्या अगदी जिवावर यायचं.

"द्या इकडे बाबा, मी लिहिते," सून म्हणाली. ती प्रोग्रॅम लिहून पोट भरायची. टेबल तिचंच होतं.

"नको गं. अक्काला आजवर गेलेली सगळी पत्रं दुसऱ्यांनी लिहिलेली. 'परक्याच्या तोंडानं काय बोलतोस?' म्हणते. परवा ऐंशीची होईल. पेन काही धरवत नाही, पण हे एक तरी माझ्या हातचं जाऊ दे. चारच्या टपालात पडलं पाहिजे."

सुनेचं लक्ष टेबलाखाली गेलं. सासऱ्यांचा उजवा पाय मशीन मारल्यासारखा आपला हलतच होता.

ती हसली. कपाटातून तिने पायाने दाबायची एक काळी पट्टी काढली. स्वतःचं मनगट दुखायचं तेव्हा कळांऐवजी ती हीच वापरायची. तारेने संगणकाला जोडून म्हणाली, "हा एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्रॅम, आपण सांगू ते ऐकतो. आता पाय दाबला की नवी ओळ."

त्यांनी पाय दाबला. पण शिंप्याचा पाय एकदा दाबून थांबतो होय? धडधड धडधड रिकाम्या ओळी पळाल्या आणि पत्र दिसेनासं झालं.

"गेलं! सगळं मुसळ केरात!"

"गेलं नाही हो, वर सरकलंय." तिने एडिटरला आणखी दोन ओळींत काहीतरी बजावलं. "आता कितीही पाय मारा. अक्षर उमटल्याशिवाय पुढची ओळ यायची नाही."

"हात्तिच्या! कापड नसताना मशीन मारू नका, हे कारागिरांना सांगून घसा बसला माझा. हा बेटा एका दमात शिकला."

मग एक बोट अक्षरं शोधू लागलं आणि पाय ओळी सोडू लागला. 'अक्का, हे मीच लिहितोय. चुका बघून ओळखशीलच.' साडेतीनला शेवटची ओळ उतरली. 'तुझा धाकटा.'

पाय थांबला. उजवा हात मात्र टेबलावर काहीतरी चाचपू लागला.

"काय शोधताय, बाबा?"

"कात्री," ते म्हणाले. "दोरा कापायचा राहिलाय."