तबकडीच्या बाजूने

“टेप की तबकडी, एकदाचं काय ते ठरवा,” अध्यक्ष भिकाजीशेठ म्हणाले. “महिपत परवा बोटीवर जातोय. तो काही आपल्यासाठी थांबायचा नाही.”

महिपत खलाशी होता. जपानहून वाचनालयाला एक व्हिडिओ मशीन आणि त्याला चालणारा टीव्ही भेट द्यायचं त्याने कबूल केलं होतं. मशीन दोन तऱ्हेचं मिळत होतं. एकात टेपची कॅसेट घालायची, दुसऱ्यात जेवणाच्या ताटाएवढी चकचकीत तबकडी. समितीतल्या कुणालाच त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून सगळे ग्रंथपाल हरिश्चंद्रकडे बघत होते. त्याने दोन्हींबद्दल मासिकात वाचलं होतं.

“मना इचाराल तर टेपचाच बरा,” महिपत दाराजवळच्या बाकावरून म्हणाला. “टेप आपली आपल्याला भरता येते. बोटीवर एकाकडं कॅमेरा हाय. तकडनं भरून पाठवीन. बंदरं, बोट... मी पन दिसंन. आवस हितं येऊन बघंल.”

हरिश्चंद्रला नेमकं हेच नको होतं.

महिपतची आई चिमाकाकू मिऱ्या गावाहून चालत वाचनालयात यायची. तिला अक्षरओळख नव्हती. महिपतची पत्रं वाचनालयाच्या पत्त्यावर यायची आणि हरिश्चंद्र तिला ती वाचून दाखवायचा. अकरा वर्षं हे चाललं होतं. महिपतच्या पत्रात दोन ओळी असत. मी बरा आहे. बोट कोबेला चालली, औषध घेत जा. पहिल्या वर्षी असंच एक पत्र वाचून झालं, तरी म्हातारी उठेना. “एवढाच लिवलंन?” तिने विचारलं. तिचा चेहरा बघून हरिश्चंद्रने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्याने वाचायला सुरुवात केली. “तुझ्या हातच्या कुळथाच्या पिठीची फार आठवण येते. डेकवर आडवा झालो की वाटतं, तू उशाशी बसली आहेस.”

तेव्हापासून दर पत्राला मागची बाजू आली. हरिश्चंद्रला लेखक व्हायचं होतं. ते काही जमलं नव्हतं. आता त्याला एक वाचक मिळाली होती आणि तिला वाचता येत नव्हतं. पण पदराने डोळे पुसत ती घरी जायची, तेव्हा आपण काही वाईट करतोय असं त्याला एकदाही वाटलं नाही.

आता कॅसेट आली तर महिपत स्वतःच्या तोंडाने बोलणार. म्हणजे दोन ओळी. आणि त्यापुढचं ऐकायला चिमाकाकू टीव्हीसमोर बसून राहणार.

“तबकडीच घ्यावी,” हरिश्चंद्र म्हणाला. तो चांगलं पाऊण तास बोलला. आपल्याकडच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. टेप झिजते, मशीनमध्ये गुंतते. कुणीही येतो, एकावर दुसरं भरून जुनं पुसून टाकतो. तबकडीवर नुसता प्रकाश पडतो, ती झिजत नाही, पुसली जात नाही. वाचनालयाने टिकणारी वस्तू घ्यावी. सगळी कारणं खरी होती. खरं कारण तेवढं त्यात नव्हतं.

समितीने माना डोलावल्या. महिपत काहीतरी बोलणार होता, पण शिकलेल्या माणसापुढे त्याची जीभ रेटली नाही. “बरा तर,” म्हणून तो उठला.

पुढच्या वर्षी मशीन आलं. सोबत चार तबकड्या होत्या. समुद्राच्या पोटातले मासे, ज्वालामुखी, पक्षी, फुलबागा. चित्र असं स्वच्छ की भिकाजीशेठनी हरिश्चंद्रची पाठ थोपटली. चिमाकाकूही बघायला आली. बराच वेळ मासे बघून तिने हळूच विचारलं, “ह्यात मानसा येत नाय काय?”

“येतात काकू. पण ज्यांची चित्रं आधीच भरलेली असतात तीच,” हरिश्चंद्र म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी आलेल्या पत्राची मागची बाजू त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचली.

मार्गशीर्षात चिमाकाकू गेली. तीन दिवस ताप आला एवढंच निमित्त. महिपत तेव्हा भर समुद्रात होता. तो आला दोन महिन्यांनी. मुंडण केलेलं डोकं घेऊन सकाळीच वाचनालयात येऊन बसला.

हरिश्चंद्रला राहवेना. मेलेल्या माणसाच्या मागे तरी खोटं नको, असं त्याने ठरवलं होतं. “महिपत, एक सांगायचंय,” तो म्हणाला. “तुझ्या पत्रांत मी माझ्या पदरचं घालत होतो. तू लिहिलं नव्हतंस ते तुझ्या नावाने वाचत होतो. अकरा-बारा वर्षं.”

“ठाव हाय,” महिपत म्हणाला.

“कसं?” हरिश्चंद्रने विचारलं.

“रजेवर आलो की आवस बोलून दाखवायची ना. तू असा लिवलंस, तसा लिवलंस. पैल्यांदा राग आला मना. मंग इचार केला, हा तर माझ्याच मनातला हाय, फकस्त मना बोलाय येत नाय. तिच्या समोर बसलो तर त्वांडच उघडायचा नाय.”

“मग बोलला का नाहीस मला कधी?”

“काय बोलू? तुमी थांबवला असतात तर?” महिपतने तोंड खिडकीकडे फिरवलं. “म्हनून टेप म्हनत व्हतो, भाऊ. कॅमेऱ्यासमोर बोलाय जमला असता. तुमी वाचलेला समदा पाठ केला व्हता मी.”