चवथीला दुर्बीण

"मी नाय घेतली डबी," कोंडी म्हणाली. तिसऱ्यांदा.

गच्चीवर स्टँडवर नवी कोरी दुर्बीण उभी होती. तोंड पश्चिमेला, आणि डोळा लावायच्या जागी नुसतं भोक. तिथं बसवायची दोन भिंगं ज्या डबीत होती, ती डबीच गायब. सकाळी गणपती बसले होते. चारच्या सुमाराला पाऊस थांबला आणि माथेरानच्या डोंगरावर आभाळ मोकळं झालं. अजेयला आपल्या लेकीला, सानवीला, आजच्या आज चंद्र दाखवायचा होता.

"घेतलीस असं कोण म्हणतंय?" अजेयची बायको सुरभी गोड आवाजात म्हणाली. "फक्त आठवून बघ. पाऊस थांबल्यावर गच्ची तूच पुसलीस ना?"

"पुसली. आन् दादा ही वरची बारकी दुर्बीण जुळवत व्हते, तवा मोठी नळी बी मीच धरली. डबी दादांच्या हातात व्हती."

खरं होतं ते. मोठ्या नळीत मोबाइलचा टॉवर दिसायचा, बारकीतली नेम धरायची फुली मात्र शेजारच्या नारळावर. अजेय अर्धा तास तीन स्क्रूंशी झटत होता. शेवटी कोंडीनंच डोळा लावून सांगितलं होतं, "वाईच वर घ्या. हां, बसली फुली." तेव्हा तो खूश होऊन म्हणाला होता, "कोंडीताई, तुझी नजर भारी आहे गं!" आणि आता हा बहाद्दर फरशीकडे बघत उभा होता.

"तुझी पिशवी जरा..." सुरभीनं वाक्य अर्धंच सोडलं.

उरलेलं अर्धं कोंडीला पाठ होतं. कातकरी म्हटलं की लोकांचा हात आधी कुलपाकडे जातो. अठरा वर्षं या घरची भांडी घासली, त्याला कोण विचारतो? उद्या गल्लीत बोभाटा झाला की बाकीच्या तीन घरांचीही दारं बंद. मग वाडीवर बसून काय खायचं, माती?

तिनं पिशवी घेतली आणि फरशीवर उलटी केली. चुन्याची डबी पडली, एक खणाचा तुकडा पडला, पोरांसाठी केळीच्या पानात बांधून दिलेले पाच मोदक पडले. दोन फुटले.

"घ्या, बघा. पदर बी झटकू?"

"अगं, तसं नाही गं..."

"मंग कसं?"



तेवढ्यात अजेयची आई, द्वारकाकाकू, धापा टाकत जिना चढून आल्या. "संध्याकाळच्या आरतीची वेळ झाली रे, इथं काय करताय सगळे? डबी? कसली डबी? अगं बाई, ती होय!" काकूंना हसूच फुटलं. "ती मीच ठेवलीय, तांदळाच्या पिंपात. आज चवथ ना! चवथीला चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो माणसावर. म्हटलं, पोरीच्या मागं नसतं लचांड नको."

मग त्यांना फरशीवरचे मोदक दिसले. त्यांनी कोंडीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि त्यांचं हसू बंद झालं.

अजेय खाली पळाला आणि डबी घेऊन आला. तिच्यावरची तांदळाची भुकटी फुंकून उडवत म्हणाला, "सापडली एकदाची!"

"कोंडी, मनावर नको हं घेऊस," सुरभी म्हणाली आणि मोदक गोळा करायला वाकली.

"ऱ्हाऊ द्या ते."

कोंडीनं नळावर हात धुतले, पदराला कोरडे केले आणि अजेयच्या हातातून डबी सरळ काढून घेतली. त्यातलं मोठं भिंग काचेला बोट न लावता कडेनं उचललं. आधी मोठं, मग बारकं, असं दादाच मघाशी लेकीला शिकवत होता. भोकात बसवलं, बाजूचा स्क्रू पिळला.

"थांब, मी लावतो," अजेय म्हणाला.

"तुमी सरा."

तो सरला. तिनं बारक्या दुर्बिणीतून नेम धरला आणि डोंगरावर दिसणारी चंद्राची कोर फुलीवर आणली.

"कोंडे!" द्वारकाकाकू ओरडल्या. "आज नको गं बाई! ऐक माझं, आळ येईल!"

कोंडीनं मागं वळूनही पाहिलं नाही. ती स्टुलावर बसली. "आला की, काकू. न बघताच आला. आता बघितल्याबिगर सोडते व्हय!"

तिनं डोळा लावला. नुसता पांढरा धूर दिसला. खालचं चाक हळूहळू फिरवलं, तसा चंद्र उघडत गेला. कोर सरकून चालली की ती नळी बोटानं ढकलायची आणि परत मधे आणायची.

"आतली कड बघा कशी. उंदरानं भाकर कुरतडल्यावानी," ती स्वतःशीच म्हणाली.

"मला पण! मला पण!" सानवी उड्या मारायला लागली. काकूंनी तिचे डोळे पदरानं झाकले आणि तिला जिन्याकडे ओढलं. खाली कुणीतरी घंटा वाजवायला सुरुवात केली होती.

अजेय मागे रेंगाळला. "कोंडीताई, चुकलं आमचं. चल, आरतीला चल."

"व्हा फुडं. चंद्र डोंगराआड जाईस्तोवर मी हितंच हाय."

"बरं. मग ती डबी..."

"डबी माझ्यापाशी ऱ्हाईल."

अजेयनं हात पुढे केला होता. तो त्यानं मागे घेतला आणि जिना उतरला.