कॅमेऱ्यावरची पट्टी

पट्टी लावली त्याच दुपारी मुलाचा फोन आला.

टायपिंगच्या बाईंना आधी खरंच वाटेना. दूरदेशी राहणारा मुलगा फोन करायचा तो वाढदिवसाला, आणि तोही घाईत. आज मात्र "आई, बरी आहेस ना?" असं विचारून तो ऐसपैस बोलत बसला. काय जेवलीस, गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं. बाई हुरळून गेल्या. फोन ठेवल्यावर रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाल्या, "आली बाई एकदाची आठवण!"

पट्टी होती कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर. निवृत्तीनंतर टायपिंग शिकवणं सुटलं आणि बोटांना चैन पडेना, म्हणून मुलानंच तो कॉम्प्युटर घेऊन दिला होता. मागच्या खेपेला तर "वेग वाढवून देतो" म्हणत तो बराच वेळ त्याच्यापुढे बसला होता. पुढे करमणूक म्हणून बाईंनी पत्त्यांचा एक फुकटातला खेळ उतरवून घेतला आणि त्याच्यामागून जाहिरातींचा लोंढा घरात शिरला. टक्कल घालवा. लग्न जमवा. अभिनंदन, तुम्हाला मोटार लागली! मग पेपरात वाचलं, की अशा वाटेनं कोणी घरावर पाळतही ठेवतं, तेव्हा कॅमेरा झाकावा. आपल्याला बघून कोणाचं काय भलं होणार, असं मनाशी म्हणत त्यांनी जखमेवर लावायची पट्टी तिथं डकवली.

दुसऱ्या दिवशीही फोन आला. मग रोजच यायला लागला.

"आई, स्क्रीनच्या वरच्या कडेला काही चिकटलंय का गं? जरा पुसून घे. धुळीनं मशीन बिघडतं."

मुलगा एवढी काळजी करतो म्हटल्यावर बाईंनी लगेच ओलं फडकं घेतलं. पट्टी निघून आली. कॅमेरा लख्ख झाला.

आणि फोन बंद झाले. बाई दुपारची झोप सोडून फोनची वाट बघू लागल्या. रिसीव्हर उचलून आवाज येतोय ना, तेही बघत. आपण काही लागेलसं बोललो का, हे आठवून आठवून त्यांचा जीव मेटाकुटीला आला. घरात बोलत होत्या त्या फक्त जाहिराती. शेवटी त्यांचाही वीट आला, तेव्हा बाईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

तो बराच वेळ मान खाली घालून काम करत राहिला. मग त्यानं आवाज खाली आणला.

"मावशी, जाहिराती निघाल्या. पण आत आणखी एक प्रोग्रॅम आहे, पाळतीचा. तुमच्या कॅमेऱ्यातलं चित्र रोज कोणीतरी बघतंय. हा बघा त्याचा ईमेल पत्ता."

बाईंनी चष्मा लावला. तो पत्ता त्यांची बोटं न बघता टाइप करत. त्याच पत्त्यावर त्या मोठमोठी पत्रं पाठवत आणि उत्तराला अंगठ्याचं एक चित्र येई.

म्हणजे मुलगा रोज बघत होता. एकटीनं जेवताना, खुर्चीत डुलक्या काढताना, फोनकडे बघत बसताना. बाईंना एकदम भरून आलं. पाठोपाठ फार वाईटही वाटलं. आई जागेवर दिसली की त्याचं काम होत होतं.

"काढून टाकतो हा," दुरुस्तीवाला म्हणाला.

"नको. राहू दे."

बाईंनी औषधांच्या डब्यातून नवी पट्टी आणली आणि कॅमेऱ्यावर अंगठ्यानं घट्ट दाबून बसवली.

दुरुस्तीवाला गोंधळला. "अहो मावशी, मग ठेवायचा कशाला? असं झाकल्यावर त्याला काहीच दिसणार नाही."

"म्हणूनच तर," बाई म्हणाल्या आणि फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या.