गुडघ्याचा भाव

नखांचा रंग काढून टाका, असं नर्स सांगून गेली होती. उद्या ऑपरेशनच्या वेळी बोटाला चिमटा लावतात, त्याला नख उघडं लागतं. म्हणून नुबिया खाटेच्या कडेला बसून थोरल्या बहिणीची नखं पुसत होती. कापसाचा बोळा, उग्र वासाची बाटली, आणि मांडीवर एदेल्मिराचा हात. लाल रंग चिवट होता. नुबिया जरा जास्तच जोर लावत होती.

कोलंबियातल्या बारांकियात जानेवारीचा वारा सुटला होता. खिडकीचा पट्ट्यांचा पडदा एकसारखा खडखडत होता.

एदेल्मिरा मायामीहून आली त्याला आठवडा झाला होता. त्याआधी सगळा पावसाळा तिचे फोन येत होते, आणि फोनवर गुडघ्याशिवाय दुसरा विषय नसायचा. गुडघा बदलायला मायामीत काय पडतं, पनामात काय, मेक्सिकोत काय. टोमॅटोचे भाव सांगावेत तसे ती सांगायची. शेवटी एकदा म्हणाली, इकडच्या एका गुडघ्याच्या पैशात बारांकियात चार होतात, तेव्हा तिकडेच येते. नुबियाने बरं म्हटलं. मागची खोली झाडून काढली, कोरी चादर घातली. गल्लीत सगळ्यांना सांगितलंही, की आमची एदेल्मिरा येतेय, आपलं गाव स्वस्त पडतं ना तिला. सांगताना ती हसायची, पण आत कुठेतरी ते रुतून बसलं होतं. अकरा वर्षं बहिणीला यायला सवड झाली नव्हती.

आठवडाभर नुबिया त्याबद्दल काही बोलली नाही. आज बोलली.

"स्वस्त पडतं म्हणून लोक बाजारात जातात, ताई. बहिणीकडे नाही."

एदेल्मिराने पुसून झालेला हात उचलला आणि दुसरा पुढे केला.

तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी रिपोर्ट चाळले, गुडघा वाकवून पाहिला, आणि सहज विचारलं की तिकडे किती वर्षं काढलीत. तीसच्या वर, एदेल्मिरा म्हणाली, हॉटेलच्या चादरी धुण्यात. डॉक्टरांनी मान वर केली. ते स्वतः दोन वर्षं तिकडे शिकायला होते. इतकी वर्षं नोकरी केलीत म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी विमा असणारच, ते म्हणाले, तिथे तुमचं जवळजवळ फुकटात झालं असतं. इथे तर सगळं खिशातून. मग रात्री बारानंतर पाणीसुद्धा पिऊ नका असं बजावून ते पुढच्या खोलीत गेले.

नुबियाच्या हातातला बोळा थांबला होता.

"विमा आहे तुला?"

एदेल्मिरा आधी म्हणाली, तिथलं जेवण तोंडात धरवत नाही. मग म्हणाली, तिथल्या नर्सा फार घाईच्या.

"आहे," एदेल्मिरा शेवटी म्हणाली. "तारीखसुद्धा मिळाली होती. फोनवरची मुलगी विचारत गेली, मी सांगत गेले. वय, रक्तदाब, गोळ्या. मग तिने विचारलं, ऑपरेशन झाल्यावर घरी न्यायला कोण येणार, आणि सुरुवातीला सोबत कोण राहणार. नाव सांगा म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, जरा थांब हं. थांबली बिचारी. बराच वेळ थांबली."

हॉटेलातली एक मैत्रीण होंडुरासला परत गेली होती. दुसरी लेकाकडे, कुठल्याशा थंड गावाला. मूलबाळ नव्हतं. नवरा वारला तेव्हा फोनवर नुबिया रडायला लागली, तर एदेल्मिरानेच तिची समजूत घातली होती, की माझी इथे पुष्कळ माणसं आहेत, तू काळजी करू नकोस. आता ते कुठल्या तोंडाने मागे घ्यायचं? म्हणून ती चार देशांचे भाव शोधत बसली.

"नुसतं येते म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का गं," ती म्हणाली. "भाव सांगितला की का म्हणून कुणी विचारत नाही."

नुबियाने नवा बोळा घेतला आणि चांगला भिजवला. राहिलेली दोन बोटं तिने हलक्या हाताने पुसली. मग उठून ती खाटेच्या पायथ्याशी गेली आणि बहिणीची पावलं मांडीवर घेतली. पायाच्या नखांनाही तोच लाल रंग होता. त्यांच्याबद्दल नर्स काही बोलली नव्हती. टाचा भेगाळलेल्या होत्या, आणि जन्मभर उभं राहून राहून घोटे जाड झाले होते. एकेक बोट धरून ती सावकाश पुसत राहिली. एदेल्मिराने डोळे मिटून घेतले.

"आणि हा डावा गुडघा कसा आहे?" नुबियाने विचारलं.

"बरा आहे."

"जिना चढताना बघितलंस का नीट?"

"नाही गं दुखत."

नुबियाने डाव्या पायाचा अंगठा पुसला, उजेडाकडे वळवून पाहिला, पुन्हा एकदा पुसला.

"दुखेल," ती म्हणाली. "आज ना उद्या दुखेलच. आणि तेवढ्यासाठी मायामीला जायचं, परत यायचं, म्हणजे परवडायचं नाही आपल्याला."