दुरुस्ती

सत्तेचाळीस साली निजामाच्या पोलिसांनी गावातल्या दंग्याच्या संशयावरून ईरण्णाला तुळजापुरात कोठडीत टाकलं. अंमलदाराला फक्त उर्दू समजायची, आणि कैद्याची बाजू घरच्याच माणसानं मांडावी असा त्याचा हुकूम होता. ईरण्णाची बायको रुद्रम्मा कानडी मुलखातली. गावच्या शाळेतल्या मल्लिनाथ मास्तरांनी तिला महिनाभर उर्दू शिकवली. चुकीचं वाक्य एकदा जिभेवर बसलं की जन्मभर निघत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून ते तिची प्रत्येक चूक तिथल्या तिथं सुधारत.

अंमलदारापुढं रुद्रम्मानं हात जोडले. "हुजूर, मेरी मर्द उस दिन गाँव में नहीं थी..."

"मेरा मर्द. नहीं था," शेजारी उभे असलेले मास्तर सवयीनं बोलून गेले.

ती गडबडली. "मेरी... मेरा..." म्हणत तिनं मास्तरांकडं पाहिलं आणि गप्पच झाली. अंमलदारानं जरा वाट पाहिली, मग कागदावर सही केली. ईरण्णाला लांबच्या तुरुंगात पाठवलं.

बाहेर आल्यावर मास्तरांची मान वर होईना. रुद्रम्माच मोडक्या मराठीत म्हणाली, "तुमी लई शिकवलं, मास्तर. म्या चुकलो."

बाईमाणसानं 'चुकले' म्हणायचं असतं. पण तेच वाक्य मास्तरांच्या तोंडी अगदी बरोबर ठरलं असतं, आणि त्यांच्यानं ते बोलवलं नाही.