उसनी चाल

माडावरून पडल्यापासून अनंताचे पाय लुळे पडले होते. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मणक्यात यंत्र बसवलं, पण पाय कसे टाकायचे हे त्या यंत्राला शिकवायला कुणाची तरी चाल हवी होती. बायकोने, कुंदाने, आपली दिली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तो पहिल्यांदा चालला, तेव्हा कुंदाच्या डोळ्यांना धार लागली. मग ती एकदम ओशाळली. लहानपणच्या तापापासून ती डावा पाय ओढत चालायची, आणि आता अनंताही तसाच ओढत होता.

"बाई, माझं लंगडणं ह्यांच्यात उतरलं. तेवढं काढून टाका हो."

"काढू की. सोपं आहे."

अनंता भिंतीला धरून थांबला. त्याला धाप लागली होती.

"बाजारात तू मागे राहायचीस. मला वाटायचं, दुकानं बघत रेंगाळतेस. कंबर एवढी भरून येते, हे कधी बोलली नाहीस गं?"

"सवय झाली," कुंदा म्हणाली.

अनंता डॉक्टरीणबाईंकडे वळला. "माझं नंतर बघा. आधी हिच्या पायाचं काही होतं का सांगा."

बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. कुंदा नको नको म्हणत राहिली, पण अनंताने तिला दंडाला धरून बसवलंच.