तिकिटावरचा देवमासा

हिर्डोशीच्या सखूबाईंचा हनुमंत बोटीवर आचारी. आठ महिन्यांनी त्याचं एक पोस्टकार्ड आलं, ते घेऊन त्या भोरात गंगाधररावांकडे आल्या.

"साहेब, म्या बाजार करून येते. पोरगं कवा येतंय, तेवढं वाचून ठेवा."

गंगाधररावांना नाद पोस्टाच्या तिकिटांचा. कार्डावरचं तिकीट पार जगाच्या टोकाच्या एका बेटाचं होतं. मागे बर्फाचे डोंगर, पुढे किनाऱ्यावर ओढून आणलेला देवमासा. चाळीस वर्षं त्यांनी ज्याच्यासाठी जीव टाकला होता, नेमकं तेच. त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने अख्खं कार्ड कोमट पाण्यात सोडलं. तिकीट अलगद सुटलं. हनुमंतची निळी शाईही तितकीच अलगद सुटली.

कोरं झालेलं कार्ड त्यांनी केराच्या टोपलीत टाकलं, तोवर सखूबाई परतल्याच.

"काय लिवलंय ओ? येतोय का दिवाळीला?"

"आधी हे तर बघा." गंगाधररावांनी तिकिटावर भिंग धरलं.

"व्हय, पर ह्यो मासा असा का पडलाय?"



गंगाधरराव कळवळून म्हणाले, "फार निर्दयी माणसं हो, सखूबाई. आपल्याला हवं तेवढं तेल काढून घ्यायची, आणि बाकीचा देवमासा खुशाल फेकून द्यायची."